‘आमचो भाचो धा लाखाचोच काय?’ : रिलीज क्लॉजच्या आकड्याबद्दल

देवगडच्या एका बागायतदारांनी मला त्यांच्या भाच्याच्या कराराचा मसुदा पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : ‘आमचो भाचो फक्त धा लाखाचोच काय ओ?’

भाचा १७ वर्षांचा, डाव्या पायाचा विंगर. सावंतवाडीत शाळेच्या संघातून खेळला, आता दोन वर्षं गोव्यातल्या एका क्लबच्या युवा संघात आहे. क्लबने त्याच्यापुढे पहिला व्यावसायिक करार ठेवलाय. मुदत तीन वर्षं, त्यापुढे क्लबची इच्छा असेल तर आणखी दोन वर्षं, आणि ‘रिलीज क्लॉज : दहा लाख रुपये’, म्हणजे मुदतीआधी क्लब सोडायचा तर भरायची रक्कम. मामांनी बातम्यांत वाचलं की बार्सिलोनाच्या लमिन यामालचा रिलीज क्लॉज १०० कोटी युरोंचा आहे. तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा की हा आकडा वाढवून घ्यावा का. दुसरा प्रश्न म्हणजे, मुंबईचा एक मोठा क्लब मुलाला उचलणार अशी चर्चा गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सुरू झालीय, कोणा एजंटाचे फोनही येतायत, त्यातलं खरं किती मानायचं.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. गेली २२ वर्षं म्हापसा, मडगाव अशा फेऱ्या मारत खेळाडूंच्या नोंदणीचं आणि करारांचं काम करतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : वाढवून घेऊ नका. जमलं तर कमी करून घ्या.

तुम्ही बागायतदार आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. समजा, तुम्ही तुमची कलमांची बाग एका व्यापाऱ्याला पाच वर्षांच्या कराराने दिलीत. खत, फवारणी, राखण सगळं त्याचं, वर्षाला ठरलेली रक्कम तुमची. करारात एक अट घातलीत, की मधेच मला बाग परत हवी झाली तर अमुक रक्कम व्यापाऱ्याच्या हातात ठेवीन आणि करार संपेल, त्याला नाही म्हणता येणार नाही. आता ही रक्कम जास्त असावी असं कोणाला वाटेल? व्यापाऱ्याला. आणि कमी असावी असं तुम्हाला. फुटबॉलच्या करारात बाग म्हणजे तुमच्या भाच्याचा खेळ आणि व्यापारी म्हणजे क्लब. दहा लाख ही भाच्याची किंमत नव्हे. त्याला बाहेर पडायचं असेल तर दाराशी जो टोल भरावा लागेल, तो हा आकडा.

हा गैरसमज मी इतक्या घरांत पाहिलाय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही, वाईट मात्र वाटतं. आईवडील हट्टाने आकडा वाढवून घेतात, क्लब आनंदाने वाढवून देतो. दोन वर्षांनी मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला असतो. दुसरा क्लब चार-पाच लाख द्यायला तयार असतो, पण करारात पन्नास लाख लिहिलेले असतात. मग मुलाने करायचं काय? बसून राहायचं.

आता यामालच्या १०० कोटींचं. तो आकडा कळायला स्पेनचा कायदा थोडा समजून घ्यावा लागतो. तिथे १९८५ साली व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीबद्दल एक राजादेश निघाला. त्यानुसार खेळाडूला मुदतीआधी स्वतःच्या मर्जीने करार मोडता येतो, फक्त क्लबला भरपाई द्यावी लागते. भरपाई किती, हे करारात लिहिलेलं नसेल तर कोर्ट ठरवणार. कोर्टाच्या हाती हा निर्णय जावा असं कुठल्या क्लबला वाटेल? म्हणून स्पेनमधल्या करारांत हा आकडा लिहिलेलाच असतो. क्लबला जो खेळाडू सोडायचाच नाही, त्याच्यापुढे मग कोणाच्याही आवाक्याबाहेरचा आकडा लिहितात. २०१७ च्या ऑगस्टात पॅरिसच्या क्लबने बार्सिलोनाच्या नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो भरले. ही रक्कम कोणी भरील असं बार्सिलोनाने धरलंच नव्हतं. ला लिगाने, म्हणजे स्पेनची लीग चालवणाऱ्या संस्थेने, पैसे स्वीकारायला आधी नकार दिला, तेव्हा नेमारचे वकील थेट बार्सिलोनाच्या कार्यालयात गेले आणि तिथे रक्कम पोचती केली. क्लबला हरकत घ्यायला जागाच उरली नाही. त्यानंतर मोठे क्लब आपल्या लाडक्या खेळाडूंपुढे सर्रास १०० कोटी लिहू लागले. तेव्हा यामालचा आकडा हे बार्सिलोनाने बांधलेलं कुंपण आहे. त्या कुंपणाच्या बदल्यात त्याला पगारही तसाच मिळतो. तुमच्या भाच्याला महिन्याला अठरा हजार मिळणार आहेत. अठरा हजारांसाठी एवढं उंच कुंपण कशाला मागून घ्यायचं?

याच कायद्याची दुसरी बाजू बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबकडे पाहिली की कळते. हा क्लब बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेलेच खेळाडू घेतो, त्यामुळे एक गेला की जागा भरणं कठीण, आणि म्हणून खेळाडू विकायला तो सहसा तयार नसतो. तरीही २०१२ मध्ये हावी मार्तिनेस चार कोटी युरोंना बायर्नला गेला, २०१८ च्या जानेवारीत लापोर्त साडेसहा कोटींना मँचेस्टर सिटीला आणि त्याच वर्षी ऑगस्टात गोलरक्षक केपा आठ कोटींना चेल्सीला गेला. तिन्ही वेळा क्लबच्या होकाराचा प्रश्नच आला नाही, कारण करारातली पूर्ण रक्कम भरली गेली होती. आर्सेनलने थॉमस पार्तेला घेतलं तेव्हा तर २०२० च्या ‘खिडकी’चा, म्हणजे खेळाडूंच्या बदल्यांसाठी ठरवलेल्या मुदतीचा, शेवटचा दिवस होता. पाच कोटी युरो ला लिगाच्या कार्यालयात जमा झाल्याचं आत्लेतिको माद्रिदला ला लिगाकडून कळलं, रात्री साडेअकराच्या सुमारास. रिलीज क्लॉज खरोखर चालतो तो असा. तिसऱ्याच ठिकाणी पैसे जमा होतात आणि जुन्या क्लबला फक्त कळवलं जातं.

पण हे स्पेनचं झालं. वाचकांची गल्लत होते ती पुढे. बातमीत ‘रिलीज क्लॉज’ हे दोनच शब्द येतात आणि प्रत्येक देशात त्यांचा अर्थ एकच आहे असं आपण धरून चालतो.

इंग्लंडमध्ये असा कायदा नाही. तिथे क्लॉज म्हणजे क्लब आणि खेळाडूने आपसात लिहून घेतलेलं एक वाक्य, आणि त्या वाक्यात जेवढं लिहिलंय तेवढाच त्याचा अर्थ. २०१३ च्या जुलैत आर्सेनलने लिव्हरपूलच्या लुईस सुआरेससाठी चार कोटी आणि वर एक पौंड देऊ केला. करारात चार कोटींचा क्लॉज आहे अशी त्यांना खबर होती, म्हणून वरचा तो एक पौंड. लिव्हरपूलने साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, एवढी बोली आली तर बोलणी करायची एवढंच वाक्यात आहे, विकलाच पाहिजे असं नाही. पुढच्या वर्षी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री एका परिषदेत उघडपणे म्हणाले, की क्लॉज होता, आम्ही विकायचं नाही असं ठरवलं. सुआरेस ते वर्ष तिथेच खेळला. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या करारात एका क्रियापदावर सगळं अडकलं : ‘विचार करील’ की ‘स्वीकारील’. तुमच्या मसुद्यात तर क्रियापदच नाही. ‘रिलीज क्लॉज : दहा लाख’ एवढंच लिहून पुढे पूर्णविराम आहे. कोणी द्यायचे, कोणाला द्यायचे, दिल्यावर क्लबने काय करायचं, किती दिवसांत करायचं, यातलं काहीच त्यात नाही. दहा लाख जास्त की कमी ही नंतरची गोष्ट. आज त्या ओळीला अर्थच नाही.

वाक्य नीट असलं की काम किती सरळ होतं, तेही पाहा. २०२५ च्या उन्हाळ्यात वुल्व्हजचा मातेउस कुन्या सव्वासहा कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला गेला, लिहिलेल्या आकड्यावर, फारसा वाद न होता. इप्सविच खालच्या श्रेणीत गेलं तेव्हा त्यांचा लियाम डेलप तीन कोटींना चेल्सीला गेला, कारण संघ घसरला तर एवढ्या रकमेला सोडायचं असं आधीच ठरलं होतं. ही श्रेणी घसरण्याची अट मला फार आवडते. खेळाडूची चूक नसताना त्याची पातळी खाली जाऊ नये, एवढी काळजी तिच्यात असते.

त्याच उन्हाळ्यात मॉर्गन गिब्स-व्हाइटचं प्रकरण घडलं. टॉटनहॅमने त्याच्यासाठी सहा कोटी पौंडांचा क्लॉज वापरायचा प्रयत्न केला. नॉटिंगहॅम फॉरेस्टने आक्षेप घेतला, की हा आकडा गोपनीय होता, तो तुम्हाला कळला कसा, आणि आमची परवानगी न घेता खेळाडूशी बोललात कसे. बोलणी तिथेच थांबली आणि महिना संपायच्या आत त्याने फॉरेस्टशीच २०२८ पर्यंतचा नवा करार केला. फिफाच्या नियमांत खेळाडूशी बोलण्याआधी त्याच्या क्लबला लेखी कळवणं बंधनकारक आहे. खेळाडू परस्पर बोलणी करू शकतो ती कराराचे शेवटचे सहा महिने उरल्यावरच. म्हणून भाच्याच्या करारातला आकडा व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती. मसुद्याच्या नवव्या पानावर गोपनीयतेचं कलम आहे, ते तुम्हालाही लागू होतं.

तारखांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या हातून एका मुलाचं वर्ष गेलं ते तारखेपायी.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरोड्याकडचा एक गोलरक्षक. पत्र्याच्या शेडखाली, वाळूत उड्या मारून शिकलेला मुलगा. एका क्लबशी त्याचा करार होता, क्लॉज आठ लाखांचा, आणि वाक्य अगदी नीट होतं : ३१ मेपर्यंत लेखी सूचना आणि पूर्ण रक्कम क्लबच्या खात्यात. दुसरा क्लब तयार झाला तो २९ मे रोजी. सूचना ३० तारखेला गेली. पैसे ३१ ला दुपारी निघायचे होते, पण त्यांच्याकडे सही करणारा माणूस पणजीहून यायला संध्याकाळ झाली. त्या काळी बँकेतून मोठी रक्कम पाठवायची वेळ संध्याकाळी संपायची. पैसे १ जूनला सकाळी पोचले, आणि क्लबने ते परत केले. करार वाचून मीच त्या मुलाला ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं होतं. ३१ तारखेला पैसे निघाले पाहिजेत की पोचले पाहिजेत, हे मी विचारलं नव्हतं. ज्या संघात तो जाणार होता तिथे महिनाभरात दुसरा गोलरक्षक आला. मुलगा पुढचं वर्ष बाकावर बसला आणि त्यानंतर मुंबईला नोकरीला गेला. त्याचे वडील आजही बाजारात भेटले की प्रेमाने बोलतात, आणि ते मला फार लागतं. तेव्हापासून मी तारखेच्या पुढे वेळ लिहून घेतो आणि ‘रक्कम पाठवल्याचा बँकेचा पुरावा पुरेसा’ हे शब्द घालून घेतो.

मोठ्यांच्या दुनियेतही असंच घडतं. २०१९ मध्ये आत्लेतिकोच्या ग्रीझमनचा क्लॉज १ जुलैला २० कोटी युरोंवरून १२ कोटींवर येणार होता. बार्सिलोनाने जुलैत १२ कोटी भरले. आत्लेतिकोचं म्हणणं, सगळं आधीच ठरलं होतं, तेव्हा २० कोटी द्या. एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे आठ कोटींचा फरक! मेस्सीचं बार्सिलोनाबरोबरचं २०२० सालचं प्रकरण तर जगाने पाहिलं. हंगाम संपताना फुकट सोडून जायची मुभा त्याच्या करारात होती, पण कळवायची मुदत १० जूनची. कोविडमुळे हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला. त्याने ऑगस्टात कळवलं आणि मुदत संपली की नाही यावर वाद पेटला. ला लिगाने सांगितलं, ७० कोटी युरोंचा क्लॉज लागू आहे. आपल्या क्लबला कोर्टात खेचायचं नाही म्हणून तो थांबला आणि पुढच्या वर्षी करार संपल्यावर गेला. तेव्हा मसुद्यात ‘जून’ किंवा ‘मे’ असं नुसतं लिहू नका, ‘हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यापासून इतके दिवस’ असंही लिहून घ्या. आपल्याकडे स्पर्धांच्या तारखा किती सरकतात ते तुम्ही पाहताच.

आणखी एक बारकावा हप्त्यांचा. क्लॉजची रक्कम म्हणजे सहसा एकरकमी. २०१९ मध्ये जुआंव फेलिक्स बेनफिकाहून आत्लेतिकोला गेला तो १२ कोटी ६० लाख युरोंना. क्लॉज १२ कोटींचाच होता, वरचे ६० लाख हप्त्यांनी पैसे देण्याबद्दलचे. बातमीतला आकडा क्लॉजपेक्षा जास्त दिसला की लोक म्हणतात, जास्त का दिले. कारण बऱ्याचदा हेच असतं.

जर्मनी-इटलीचं थोडक्यात : क्लॉज असतोच असं नाही, असला तर वाक्यावर चालतो. २०२२ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा हालांड सुमारे सहा कोटी युरोंना सिटीला गेला, बाजारभावाच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती, कारण डॉर्टमुंडला येतानाच तसं लिहून घेतलेलं होतं. ते तसं लिहून घेणारे लोक शहाणे होते. उलट, इटलीतल्या नेपोलीच्या ओसिमेनच्या करारात १३ कोटींच्या आसपासचा आकडा होता. तो कोणी भरला नाही, आणि त्याला वर्षभर तुर्कस्तानच्या गालातासारायला उसना जावं लागलं. क्लॉज साडेसात कोटींवर आला तेव्हा कुठे तो कायमचा सुटला.

भारतात काय? आपल्याकडे स्पेनसारखा राजादेश नाही. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. त्याचं कलम ७४ सांगतं, की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाई देईल, लिहिलेल्या रकमेच्या आत. म्हणून ‘करार मोडल्यास दंड’ आणि ‘एवढी रक्कम दिल्यास करार संपेल’ ही दोन वाक्यं एकसारखी वाटली तरी फार वेगळी आहेत. पहिल्यात मुलगा चूक करतोय असं धरलेलं असतं, दुसऱ्यात तो हक्क वापरतोय. तुमच्याकडे दुसरंच हवं. विशिष्ट अनुतोष कायद्यानुसार कोर्ट एखाद्याला वैयक्तिक सेवा करायला भाग पाडत नाही, म्हणजे क्लब तुमच्या भाच्याला कोर्टातून मैदानावर उतरवू शकत नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. फुटबॉलमधली खरी किल्ली नोंदणीत असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत जुन्या क्लबची नोंद सुटल्याशिवाय, ना-हरकत मिळाल्याशिवाय नव्या क्लबकडून खेळता येत नाही.

अन्वर अलीचं उदाहरण ताजं आहे. दिल्ली एफसीकडून तो चार वर्षांसाठी मोहन बागानला उसना गेला होता. २०२४ मध्ये तो करार त्याने एकतर्फी संपवला आणि ईस्ट बंगालला गेला. महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीने सप्टेंबरात त्याला चार महिन्यांची बंदी घातली आणि तो व दोन्ही क्लब मिळून १२ कोटी ९० लाख रुपये द्या असा आदेश काढला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, समितीने आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घ्यायचं मान्य केलं, आणि तो खेळत राहिला. कोण बरोबर, कोण चूक हे मी इथे ठरवत नाही. अन्वर हा भारताच्या राष्ट्रीय संघाचा बचावपटू, त्याच्यामागे क्लब आणि वकील उभे होते. देवगडच्या १७ वर्षांच्या मुलामागे कोण उभं राहणार? त्याच्या करारातलं वाक्यच उभं राहिलं पाहिजे.

आता चर्चांकडे येतो. सिंधुदुर्गातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको खरं तर. पावसाळ्यात दशावताराचे प्रयोग बंद असतात तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर काय बोलतात? यंदा अमक्या कंपनीचा राजा तमक्या कंपनीत जाणार, स्त्री पार्टी करणाऱ्याने उचल घेतली म्हणे, मालकाशी बिनसलंय म्हणे. तुळशीच्या लग्नानंतर पहिला प्रयोग लागतो तेव्हा कळतं, कोण कुठे उभा आहे. मधल्या चार महिन्यांत उठलेल्या वावड्यांमागे बहुतेक वेळा कोणाचा तरी हिशेब असतो : नटाला मानधन वाढवून हवं असतं किंवा मालकाला दुसऱ्या मालकाला डिवचायचं असतं. युरोपातली खिडकीही नेमकी आपल्या पावसाळ्यात उघडी असते आणि तिथलेही हिशेब हेच.

त्यामुळे कुठलीही बातमी वाचताना मी आधी दोन गोष्टी पाहतो : खेळाडूच्या कराराला किती दिवस उरलेत, आणि ही बातमी आज येण्यात फायदा कोणाचा. कराराचं शेवटचं वर्ष सुरू होत असेल आणि अचानक तीन क्लबांना रस असल्याचं छापून आलं, तर बहुधा नूतनीकरणाची बोलणी चालू असतात. ‘क्लबला रस आहे’, ‘क्लबने बोली लावली’ आणि ‘दोन्ही क्लबांत सहमती झाली’ या तीन वाक्यांत फार अंतर आहे, आपल्याकडच्या मथळ्यांत मात्र तिन्हींचं ‘जाणार’ होतं. फाब्रित्सिओ रोमानोसारखा पत्रकार शिक्का मारतो तेव्हा कागद बहुतेक तयार झालेला असतो, पण त्याचंच नाव लावून फिरणाऱ्या शंभर पोस्टना तसा आधार नसतो. आणि खरी बातमीसुद्धा वेळ साधून फुटू शकते. २०१३ मध्ये गोट्से डॉर्टमुंड सोडून बायर्नला ३ कोटी ७० लाख युरोंच्या क्लॉजवर जाणार, ही बातमी बाहेर आली ती रेआल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी. स्वतःच्याच मैदानावर त्या मुलाला काय वाटलं असेल? संघ तो सामना ४-१ जिंकला, म्हणून गोष्ट निभावली.

तुमच्या भाच्याबद्दलच्या चर्चेचं सांगायचं तर मुंबईच्या क्लबने तुमच्या क्लबला काही लेखी कळवलंय का, एवढंच विचारा. कळवलं नसेल तर बोलण्यासारखं अजून काही घडलेलं नाही. एजंटाकडे फिफाचा परवाना क्रमांक मागा आणि फिफाच्या संकेतस्थळावर नाव तपासा. १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याशिवाय हे काम करता येत नाही, आणि अल्पवयीन मुलाशी संपर्क साधायला पालकांची लेखी संमती लागते. व्यावसायिक करार होत नसेल तर १८ खालच्या मुलाच्या कामाचं शुल्कही एजंटाला मागता येत नाही. फोनवरचा माणूस स्पेनच्या क्लबमध्ये करार करून देतो म्हणून दोन लाख मागत असेल, तर फोन ठेवून द्या. काही ठरावीक अपवाद सोडले तर १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत आंतरराष्ट्रीय बदलीच होत नाही, आणि ते अपवाद तुमच्या भाच्याला लागू नाहीत. रत्नागिरीपासून बांद्यापर्यंत किती घरांनी असे पैसे घालवलेत ते मी जवळून पाहिलंय. काहींनी त्यासाठी कलमंही विकली.

मसुद्यातली माझ्या मते सगळ्यात वाईट ओळ तुम्ही विचारलेलीच नाही. ती म्हणजे ‘क्लबच्या इच्छेनुसार आणखी दोन वर्षं’. फिफाच्या नियमानुसार १८ खालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि जास्त मुदतीचं कलम मानलं जात नाही. मग ती ओळ का आहे? बहुधा जुन्या मसुद्यातून आली असेल, क्लबचा हेतू वाईट असेलच असं मी म्हणत नाही. पण ती काढायला सांगा. काढत नसतील तर निदान मुलाची लेखी संमती आणि वाढीव पगार, दोन्ही त्यात हवेत.

रिलीज क्लॉजचं वाक्य साधारण असं करून मागा : ‘कोणत्याही क्लबने नोंदणीची खिडकी बंद होण्याच्या सात दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत दहा लाख रुपयांचा लेखी प्रस्ताव दिल्यास क्लब तो स्वीकारील, खेळाडूला बोलणी करू देईल आणि रक्कम पाठवल्याचा बँकेचा पुरावा मिळाल्यापासून तीन दिवसांत नोंदणी सोडील.’ दुसऱ्या हंगामात मुलाला ठरावीक मिनिटं खेळवलं नाही तर रक्कम निम्मी, हेही मागा. क्लब लगेच हो म्हणणार नाही, पण मागण्यात गैर काही नाही. क्लबचीही बाजू आहे. दोन वर्षं त्यांनी मुलाला बूट, जेवण, प्रशिक्षक सगळं दिलंय आणि त्याची भरपाई त्यांना मिळायलाच हवी. दहा लाख हा आकडा मला त्या दृष्टीने अवाजवी वाटत नाही.

आणि सावंतवाडीतल्या त्याच्या जुन्या प्रशिक्षकांना एक निरोप द्या. मुलगा १२ वर्षांचा झाला तेव्हापासून कुठल्या नोंदणीकृत क्लबकडून किंवा अकादमीकडून खेळला असेल, तर त्या नोंदी आताच लावून घ्या. पुढे कधी तो परदेशी क्लबकडे पैसे मोजून गेला, तर बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ मधल्या प्रत्येक हंगामाला रकमेच्या पाव टक्का, त्यापुढे अर्धा टक्का. दोन कोटींची बदली झाली तर पहिल्या प्रकारच्या एका हंगामाचे ५० हजार रुपये होतात. गावातल्या अकादमीला त्यातून वर्षभराचे चेंडू येतील. नोंद नसेल तर मात्र एक रुपयाही मिळत नाही.

सहीला तुमची सही चालणार नाही, मामा. मुलगा अजून १८ चा नाही आणि आपल्या कायद्यात अल्पवयीनाने एकट्याने केलेला करार टिकत नाही. आईवडिलांना सोबत न्या, आणि १८ पूर्ण झाल्यावर मुलाने स्वतः पुन्हा सही करायची, हे आताच लिहून ठेवा. मूळ प्रत त्याच दिवशी हातात घेऊनच घरी परता. त्याआधी ती दोन वर्षांची ओळ काढायला क्लब तयार आहे का तेवढं मला कळवा. ती निघाली तर दहा लाखांवर घासाघीस करायची गरजच पडणार नाही, नाही निघाली तर मग आपण पाचावर बोलू.